टाकीतलं शेवाळ आणि शेतातलं तण

आजच्या भागात आम्ही ज्या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत, तो वेगवेगळ्या घरांतून आला असला तरी एकच आहे. लेकरांच्या हट्टापायी घरात माशांची काचेची टाकी आली. प्लास्टिकची झाडं नकोत म्हणून त्यात खरी पाणवनस्पती लावली. पहिले आठ-दहा दिवस टाकी बघत बसावीशी वाटली. मग काचेवर तपकिरी थर चढला, पानांना हिरव्या जटा लोंबायला लागल्या, कुठे पाणीच हिरवंगार झालं. लेकरं शाळेत, घरची माणसं कामावर, आणि टाकी घासायचं काम आलं घरातल्या बाईवर. म्हणून बायका विचारतात, "यात काय टाकावं म्हणजे हे शेवाळ जाईल?"

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. टाकायचं काहीच नाही. उजेड कमी करायचा, खाणं कमी करायचं, झाडं वाढवायची आणि थोडं थोडं पाणी बदलायचं. एवढं दीड-दोन महिने नेमानं केलं की शेवाळ हटतं. ते कसं, हे आपल्या शेतातल्या कामावरून लगेच समजेल.

सोयाबीन पेरलं की पहिला महिना-दीड महिना आपण तणाला किती जपतो! पीक तेव्हा इवलंसं असतं, जमीन उघडी असते, खत आणि ओल दोन्ही हजर असतं. त्या मोकळ्या जागेत तण आधी उठतं. म्हणून त्याच दिवसांत खुरपणी करावी लागते. एकदा पिकाच्या ओळी मिळाल्या, जमीन झाकली गेली, की खाली ऊनच पोचत नाही आणि तणाचा जोर आपोआप मोडतो. नवीन टाकीचंही तंतोतंत असंच आहे. झाडं नुकती लावलेली, मुळं धरलेली नाहीत, पाण्यात मात्र अन्न आहे आणि वर दिवा जळतोय. शेवाळ म्हणजे टाकीतलं तण. ते उगवलं म्हणजे आपण काही वावगं केलं असं नाही. पीक अजून लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक शब्दाचा घोटाळा सोडवू या. आपल्याकडे कालव्यात, तळ्यात पाण्याखाली वाढणाऱ्या लांब वेलीसारख्या झाडालाही 'शेवाळ'च म्हणतात. त्यातलं बरंचसं हायड्रिला असतं. त्याला खोड, पानं, मुळं असतात. ते खरं शेवाळ नाही, ती वनस्पती आहे, आणि टाकीत ती आपल्या बाजूची आहे. खऱ्या शेवाळाला मूळ नसतं, पान नसतं, फूल नसतं. त्याचे कण डोळ्यांना न दिसणारे असतात आणि हवेतून, पाण्यातून, झाडांबरोबर कुठूनही येतात. त्यामुळे शेवाळाचं बीच येऊ द्यायचं नाही, हे कुणालाही जमणार नाही. ते कधी फोफावतं आणि कधी दबून राहतं, हे पाण्यातल्या परिस्थितीवर ठरतं.

याचं मोठं उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. त्याचं खारं पाणी एरवी सूक्ष्म शेवाळामुळे हिरवट दिसतं. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा कारण निघालं खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्या जीवांचं फावलं. पुढे पाऊस पडला, पाणी वाढलं, रंग ओसरला. कुणी औषध टाकलं नव्हतं. परिस्थिती बदलली तसे पाण्यातले रहिवासी बदलले. घरातल्या टाकीतही आपल्याला हेच करायचं आहे.

आता टाकीच्या आत पहिल्या सहा आठवड्यांत काय चालतं ते पाहू. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, सडकी पानं यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. काही उपयोगी जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच कमी त्रासाचं, आणि झाडांचं तर ते खतच. हे जिवाणू वाळूवर, गाळणीच्या स्पंजवर वस्ती करतात. वस्ती पुरी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाण्यात अमोनिया रेंगाळतो आणि शेवाळाला मेजवानी मिळते. म्हणून टाकी भरल्याच्या दिवशी दहा मासे आणू नका. आधी नुसती झाडं लावा, महिनाभर थांबा, मग दोन-चार गप्पी मासे सोडा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग साठवणीच्या पाण्यात सोडतो, तेच हे मासे. काटक असतात.

पहिली गोष्ट उजेडाची. टाकी खिडकीसमोर किंवा ऊन येणाऱ्या दारात ठेवू नका. आपल्याकडचं ऊन म्हणजे शेवाळाला आयतं खत. आतल्या भिंतीला, चुलीपासून आणि गॅसपासून लांब ठेवा. टाकीचा दिवा पहिले तीन-चार आठवडे दिवसातून सहाच तास लावा, पुढे झाडं वाढली की सात-आठ तास. रोज एकाच वेळी लावा. संध्याकाळी चार ते रात्री दहा ही वेळ सोयीची, कारण तेव्हाच घरातली माणसं टाकीजवळ बसतात. पाहुणे आले म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत दिवा चालू ठेवला, तर चार दिवसांत काच हिरवी दिसायला लागेल.

दुसरी गोष्ट झाडांची. दुकानदार तीन रोपं लावून देतो आणि म्हणतो, "वाढतील हळूहळू." हे म्हणजे एकरभर रानात चार ओळी पेरून बाकीचं मोकळं सोडण्यासारखं झालं. पहिल्या दिवसापासून तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाडांनी झाकला पाहिजे. त्यासाठी महागडी झाडं लागत नाहीत. हायड्रिला, सेराटोफायलम आणि गवतासारख्या लांब पात्याची व्हॅलिस्नेरिया ही आपल्या देशातल्या पाण्यात वाढणारी, भराभर अन्न ओढणारी झाडं आहेत. तळ्यातून आणली तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, स्वच्छ पाण्यानं धुऊन मगच लावा. म्हणजे गोगलगायी आणि किडे कमी येतील. नवीन झाडाची जुनी पानं पहिल्या पंधरवड्यात पिवळी पडून विरघळतात. घाबरू नका, पण ती पानं टाकीतच सडू देऊ नका. कात्रीनं कापून बाहेर काढा.

तिसरी गोष्ट तळाची. आपल्या काळ्या मातीवर आपला जीव आहे, पण शेतातली माती उचलून टाकीत घालू नका. तिच्यात खताचा अंश असतो आणि ती इतकी बारीक असते की पाणी आठवडाभर गढूळ राहतं. शेणखत, गांडूळखत, युरिया यांतलं तर चिमूटभरही नको. जाडसर वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची आणि तिचा दोन-अडीच इंच थर द्यायचा. वर सांगितलेल्या झाडांना तेवढं पुरतं. माशांच्या विष्ठेतून त्यांना खत मिळत राहतं.

ज्यांच्या घरी जनावरांसाठी ॲझोला आहे, त्यांना एक सोय आयती आहे. मूठभर ॲझोला धुऊन टाकीत सोडा. तो वर तरंगून सावली धरतो आणि पाण्यातला स्फुरद ओढतो. पण तो भराभर पसरतो. निम्म्यापेक्षा जास्त पृष्ठभाग झाकला गेला की वरचा काढून कोंबड्यांना किंवा म्हशीला घाला. ॲझोलाच्या पानात निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि तेच त्याला हवेतलं नत्र मिळवून देतं. ते आपल्या पानात मुकाट्यानं काम करतं, टाकीभर पसरत नाही. शेवाळ म्हणजे सरसकट शत्रू नाही, हे त्यावरून ध्यानात येईल.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि परभणीकरांना हीच जड जाते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण ४५ लिटर पाणी मावतं. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे १५ लिटर, एक मोठी बादली. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी एक बादली बदला, नंतर आठवड्याला एक. साठलेला अमोनिया आणि खत यानं बाहेर जातं. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असताना एक बादलीही डोळ्यांत येते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ते पाणी मोरीत ओतू नका. टाकीतून काढलेलं पाणी म्हणजे पातळ खतच. तुळस, कढीपत्ता, परसबागेतली मेथी-कोथिंबीर यांना घाला. झाडांना जे पाणी रोज घालायचंच होतं, ते टाकीतून फिरवून घातलं, इतकाच हिशोब. आणि नवी टाकी भर मे महिन्यात लावूच नका. पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर लावा.

पाणी कोणतं घ्यावं? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते बादलीत २४ तास उघडं ठेवून मगच टाकीत घाला. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात शेतातल्या खताचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं, आणि आपल्या बेसॉल्ट खडकातून सिलिकाही येते. तपकिरी शेवाळाला नेमकी ही सिलिका लागते. बोअरचंच पाणी असेल तर निम्मं ते आणि निम्मं छतावरून धरलेलं पावसाचं किंवा जारचं फिल्टरचं पाणी, असं मिसळा. नुसतं फिल्टरचं पाणी घेऊ नका. त्यात क्षार फारच कमी असतात.

पाचवी गोष्ट खाण्याची. गंगाखेडला गोदाकाठी गेलं की माशांना कणकेचे गोळे टाकायचा मोह आपल्याला होतो. पण नदी वाहती असते, टाकी साचलेली. टाकीत पडलेली चपाती, मुरमुरे, बिस्किट तळाशी सडतं आणि त्याचंच शेवाळ होतं. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत मासे संपवतील एवढंच खाणं द्या. आठवड्यातून एक दिवस उपास. माशाला उपासानं काही होत नाही. खाणं देण्याचं काम घरातल्या एकाच लेकराकडे ठेवा. तिघं तीनदा टाकतात आणि कुणी कुणाला सांगत नाही, हे प्रत्येक घरात घडतं.

एवढं करूनही शेवाळ येईल. पण प्रत्येक शेवाळाची तऱ्हा वेगळी, तेव्हा ओळखून हाताळा. काचेवर आणि पानांवर तपकिरी भुकटीसारखा थर असेल, तर ते नव्या टाकीचं नेहमीचं शेवाळ. बोटानंही पुसलं जातं. दीड-दोन महिन्यांत आपोआप कमी होतं. केसांसारख्या हिरव्या जटा असतील, तर जुना दातांचा ब्रश त्यात घालून गोल फिरवा. फणीत गुंता यावा तशा त्या ब्रशला गुंडाळून येतात. काचेवरचे टणक हिरवे ठिपके जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं खरवडा. वाळूवर निळसर-हिरवी, बुळबुळीत साय धरली आणि तिला कुबट वास येत असेल, तर ती नळी लावून पाण्यासकट ओढून काढा, तळाचा गाळ काढा आणि पाण्याची हालचाल वाढवा. पानांच्या कडेला काळी दाढी उगवली असेल तर ते पानच कापून टाका.

सगळं पाणीच हिरवं झालं तर गोधडीचा उपाय आहे. दिवा बंद करायचा, टाकीवर जाड गोधडी किंवा दुहेरी गोणपाट चारही बाजूंनी टाकायचं आणि तीन ते चार दिवस उघडायचं नाही. हवेचा पंप मात्र चालूच हवा, आणि वरून हवा खेळायला थोडी फट ठेवा. गोधडी पंपाच्या वायरीला, पाण्याला लागणार नाही हे पाहा. झाडांनी अन्न साठवलेलं असतं, ती तग धरतात. तरंगतं शेवाळ उजेडाविना मरतं. त्या दिवसांत माशांना खाणं देऊ नका. चौथ्या दिवशी गोधडी काढल्यावर एक बादली पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळ सडून पुन्हा खत होतं. आणि त्यानंतर उजेड कमी केला नाही, तर पाणी परत हिरवं होणार, हे पक्कं समजा.

आता काय करू नये. घरात फवारणीचा मोरचूद असतो. त्यानं शेवाळ मरतं, म्हणून कुणी टाकायला सांगेल. ऐकू नका. मोरचूद म्हणजे तांबं. ते माशांना आणि गोगलगायींना घातक, झाडांनाही बाधतं, आणि एकाच वेळी मेलेलं शेवाळ सडताना पाण्यातला प्राणवायू खातं. ग्रामपंचायतीच्या टीसीएल पावडरीनं मासे आणि उपयोगी जिवाणू दोन्ही मरतील. तुरटीनं गढूळपणा बसतो, पण पाण्याची आम्लता बदलते. मासे असताना ती नको. प्रतिजैविकाच्या गोळ्या पाण्यात विरघळवणं तर अगदीच नको. त्या जिवाणूंची वस्ती उठवतात, आणि असा वापर माणसांच्या आरोग्यालाही धोक्याचा. लहान लेकरं टाकीत हात घालतात, हे विसरू नका.

आणखी एक चूक फार दिसते. वैतागून सगळं पाणी ओतायचं, वाळू साबणानं धुवायची, स्पंज नळाखाली पिळायचा आणि टाकी नव्यानं भरायची. यानं जिवाणूंची वस्ती उठते आणि महिना पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पंधरा दिवसांत शेवाळ परत हजर. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, दोनदा दाबून, बस्स.

दुकानात 'टाकी साफ करणारा मासा' म्हणून काळा, खवल्यांच्या चिलखताचा सकर मासा मिळतो. लहानपणी तो शेवाळ खातो, पण पुढे फूटभर आणि त्याहून मोठा होतो. मग लोक तो नदीत सोडतात. देशातल्या अनेक नद्या-तलावांत हा परका मासा पसरला आहे आणि मच्छिमारांची जाळी फाडतो आहे. जलपर्णीही अशीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी भारतात आली आणि आज नद्या झाकून बसली आहे. म्हणून टाकीतला मासा किंवा झाड गोदावरीत, पूर्णेत, दुधनेत किंवा कालव्यात सोडू नका. मासा नको असेल तर दुसऱ्या टाकीवाल्याला द्या. झाडं उन्हात वाळवून खतखड्ड्यात टाका.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना जेमतेम ७. रात्री झाडं आणि शेवाळ दोन्ही प्राणवायू घेतात. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. अशा वेळी झाकण काढून वर जाळी टाका, पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या, पंप रात्रभर चालू ठेवा. माठ जसा गार होतो, तसं टाकीतलं पाणीही दोन-तीन अंश उतरतं. उडालेलं पाणी रोज भरून काढा.

हे ज्ञान फक्त काचेच्या टाकीपुरतं ठेवू नका. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे गावोगाव शेततळी झाली. उन्हाळ्यात अशा साठलेल्या पाण्यावर हिरव्या रंगासारखी दाट साय धरली, तर ती निळ्या-हिरव्या शेवाळाची असू शकते. त्यातल्या काही जाती विष तयार करतात आणि ते पाणी पिऊन जनावरं दगावू शकतात. असं पाणी गुरांना, शेळ्यांना पाजू नका, लेकरांना त्यात उतरू देऊ नका. जनावरांच्या हौदावर सावली करा आणि तो आठवड्याला घासून कोरडा करा. हौदात मासे नसतात, तिथे कसून घासायला काहीच हरकत नाही.

शेवटी बचत गटातल्या मैत्रिणींसाठी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसदारी शोभेच्या माशांच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता आणि महिलांसाठी ६० टक्के अनुदान ठेवलं होतं. म्हणजे १ लाख ८० हजार सरकारचे आणि १ लाख २० हजार आपले. आज काय नियम आहेत, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. पण आपल्या वाट्याचे पैसे बहुधा कर्जाचेच असतात. शेवाळ धरलेलं झाड आणि हिरव्या पाण्यातला मासा कुणी विकत घेत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी एक टाकी तीन महिने सांभाळून बघा. एक टाकी नितळ ठेवता आली, तर दहाचा विचार करा. नाही जमलं, तर कर्ज अंगावर यायच्या आत समजलेलं बरं.

तर मैत्रिणींनो, वहीत पाच ओळी लिहून टाकीला चिकटवा. दिवा सहा तास. खाणं दिवसाला एकदा. आठवड्याला एक बादली पाणी. खराब पान दिसलं की कापा. औषध काही नाही. दीड-दोन महिन्यांत झाडं तळ झाकतील, जशा श्रावणात सोयाबीनच्या ओळी मिळतात. मग खुरपं ठेवून द्यायला हरकत नाही.